पाण्याचा दोष नाही

जुबैलमध्ये ज्याचे केस जातात
तो पाण्याला शिव्या देतो.
आणि पाणी मी करतो.
म्हणजे समुद्र आत येतो, मीठ बाहेर जातं,
मी बारा तास काट्यांकडे बघत बसतो
आणि वहीत आकडे लिहितो.
आकडे चांगले असतात.

तरी खोलीवर आलो की
विकतच्या बाटलीतलं पाणी
तांब्यातांब्याने डोक्यावर घेतो,
मोरीची कडी लावून, गुपचूप.
बाहेरून मोहसीन परकार ओरडतो,
"हलवाई कधी आपली जिलबी खातो काय रे?"

सव्वीस पूर्ण. कपाळ
दर उन्हाळ्यात बोटभर मागे सरतं,
ओहोटीला वाळू उघडी पडावी तसं.
पण ओहोटीनंतर भरती कधी, त्याचा तक्ता
आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर टांगलेला असतो.

डॉक्टर तल्अत इजिप्तचे. स्वतः तुळतुळीत.
"वडील?" त्यांनी विचारलं.
मी कपाळापासून टाळूपर्यंत हात नेऊन दाखवला.
"आईचे वडील?"
त्यांना मी टोपीशिवाय पाहिलंच नाही कधी.
"मग पाण्याचा दोष नाही," ते म्हणाले,
आणि माझ्या वहीतले सगळे आकडे
त्या एका वाक्यात खरे ठरले.
आनंद झाला नाही.

एक फवारा. सकाळ-संध्याकाळ, सोडायचा नाही;
सुरुवातीला उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही.
एक गोळी. तिच्याबद्दल बोलायच्या आधी
त्यांनी दार ओढून घेतलं.
क्वचित कुणाला होतं तसं, म्हणाले, थांबवलं की जातं,
बहुतेक.
तो "बहुतेक" घेऊन मी बसने खोलीवर आलो.
आणखी एक: मानेवरचे काढून पुढे लावायचे.
मानेवरचे जात नाहीत सहसा, इमानदार असतात.
त्यासाठी सात महिने घरी काहीच पाठवायचं नाही.
शेवटचा उपाय त्यांनी सांगितला नाही.
नुसता आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

आईने माक्याचं तेल पाठवलं देवगडहून येणाऱ्या पोराबरोबर.
बाटली बॅगेतच फुटली.
त्या पोराचे सगळे शर्ट आता
माझ्या आईच्या हातासारखे वास मारतात.
मुलीकडचे म्हणाले, फोटो छान आहे,
हेल्मेटशिवायचा एखादा असेल तर बघा.

फवारा चार महिने मारला.
तीन केस आले, सोनेरी, पोरकट.
मोहसीनने त्यांना नावं ठेवली. म्हणजे खरोखरच नावं ठेवली,
आणि रोज सकाळी हजेरी घ्यायचा.

मग एका गुरुवारी रात्री कुंजुमोनच्या खुर्चीत
तो आरशातून म्हणाला, "पुरा?"
"बाप आहे माझा अजून," मी म्हणालो.
त्याला कळेना. मशीन हातात धरून उभा राहिला.
आमच्यात बाप असताना डोकं भादरत नाहीत,
हे हिंदीत सांगायला गेलो
आणि मलाच ते धड सांगता येईना.
तसाच फोन लावला.

बाबा आंब्याच्या पेट्या ठोकत होते.
"पूर्ण काढू काय?" विचारलं.
पलीकडे हातोडी थांबली.
त्यांनी फोन इतका जवळ घेतला
की स्क्रीनभर नुसतं टक्कल, ट्यूबलाइट पडलेलं.
"माका काय एक होवचा नाय.
तुज्या आज्यान माका सांगल्यान, बापूस जितो आसताना भादरू नको.
म्हणान वीस वर्सां हयचे चार केस थंय ओढीत रवलंय."
मग थोडं थांबून,
"एसीत बसतंस मां? टोपी घाल."
आणि पुन्हा ठोकाठोक.

मानेपासून सुरू कर, मी कुंजुमोनला म्हटलं,
इमानदारांपासून.

शेवटी त्याने नळाखाली डोकं धरलं.
गच्चीवरच्या टाकीतलं, मे महिन्यातलं,
माझंच पाणी.
मध्ये काहीच नव्हतं.
पोळलं.